त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

वकिली व्यवसायात एक प्रश्न मी सर्वाधिक वेळा विचारला असेल : 'घटनेच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस हा प्रश्न ऐकताच सावध होतो, क्षणभर थांबतो, मग उत्तर देतो. हाच प्रश्न आपण घरी, लग्नकार्यात, प्रवासात परक्यालाही विचारतो : 'इंदिराजी गेल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' शब्द जवळजवळ तेच असतात. पहिल्या ठिकाणी त्यात संशय असतो, दुसऱ्या ठिकाणी जवळीक. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस थांबत नाही. तो जागा सांगतो, वेळ सांगतो, कोण शेजारी होते ते सांगतो आणि शेवटी हमखास म्हणतो, 'अगदी काल घडल्यासारखं आठवतं.'

या दोन स्वरांविषयी, आणि मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या निसरपूर या गावाच्या निमित्ताने, सीमेपलीकडच्या मराठी वाचकांपुढे काही विचार मांडायचे आहेत. राष्ट्रावर आघात झाला त्या दिवशीची जागा आपण आठवतो. ती जागाच नाहीशी झाली तर त्या आठवणीचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. हिंदीत 'मैं था', 'तू था', 'वह था'. तिन्ही पुरुषांना एकच 'था' पुरतो. मराठीत 'मी होतो', 'तू होतास', 'तो होता' अशी तीन रूपे आहेत. त्यामुळे मराठी साक्षीदार नुसते 'तिथेच होतो' म्हणाला, तरी तो स्वतःविषयी बोलतो आहे हे क्रियापदच सांगते. हिंदीत 'वहीं था' एवढेच म्हटले तर 'कौन?' असा उपप्रश्न विचारावा लागतो. मात्र मराठीच्या या काटेकोरपणाला एक फट आहे. 'मी होतो' आणि 'आम्ही होतो' यांत क्रियापद एकच राहते. पुरुष जेव्हा 'तिथेच होतो' म्हणतो, तेव्हा तो एकटा होता की चारजण होते, हे त्या रूपावरून कळत नाही. स्त्रीला ही सवलत नाही. तिला एकटीविषयी 'होते' म्हणावे लागते आणि समूहाविषयी 'होतो'.

उलटतपासणीत आम्ही वकील याच फटीत पाचर घालतो. 'तुम्ही स्वतः पाहिले, की लोकांकडून ऐकले?' तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, असा दंडक आहे. राष्ट्रीय दुःखाच्या आठवणीत मात्र 'मी'चा 'होतो' आणि 'आम्ही'चा 'होतो' एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सांगणाऱ्यालाही ते वेगळे करता येत नाहीत.

आपली भाषा अशा दिवसांची नोंद ठेवते, पण तारखेने क्वचितच. १२ जुलै १९६१ म्हटले तर पुण्यातला वृद्ध गृहस्थ विचारात पडेल. 'पानशेत फुटलं तो दिवस' म्हटले की तो आपण कोणत्या माडीवर चढलो ते सांगू लागेल. ३० सप्टेंबर १९९३ पेक्षा 'किल्लारीचा भूकंप' आणि त्याहीपेक्षा 'विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट' हे लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला अधिक जवळचे. पानिपताचे तर क्रियापदच झाले. आजही निवडणुकीत एखाद्या पक्षाचे 'पानिपत होते', आणि ज्याच्यावरची श्रद्धा उडाली त्याच्याविषयी 'विश्वास पानिपतात गेला' असे आपण म्हणतो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत आमच्या धारचे यशवंतराव पवार पडले. नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती कित्येक दिवसांनंतर, माळव्यातच, भेलशाच्या मुक्कामी, आणि तीही मोत्या-मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या पत्रातून, असे परंपरेने सांगतात. म्हणजे मराठी माणसाच्या सर्वांत मोठ्या आघाताला दोन दिवस आहेत : घडल्याचा एक आणि कळल्याचा दुसरा. 'त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' हा प्रश्न खरे तर दुसऱ्या दिवसाविषयी असतो.

रेडिओने हे दोन दिवस एक केले. ३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी पाचनंतर दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तासाभरात आकाशवाणीने ते देशाला सांगितले. आमच्या वडीलधाऱ्या पिढीच्या आठवणीतला हा पहिला असा दिवस, जेव्हा सारा देश एकाच संध्याकाळी रडला. पण मराठी घरांत या दिवसाविषयीच्या प्रश्नाला दोन्ही स्वर होते. मारेकऱ्याची भाषा आपली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्यानंतर घरे जाळली गेली. पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवले होते, म्हणून माळवा-ग्वाल्हेरकडच्या मराठी कुटुंबांवरही संशयाची सावली पडली. 'त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' या प्रश्नाला अनेक घरांनी 'आम्ही घरीच होतो' असे उत्तर दिले. त्यात शोक खरा होता, पण त्या उत्तराने एक बचावही सिद्ध करायचा होता.

कायद्यात या बचावाला जुने स्थान आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११ चे पहिलेच उदाहरण असे : आरोपीने कलकत्त्यात गुन्हा केला काय, असा प्रश्न आहे, त्या दिवशी तो लाहोरला होता, ही वस्तुस्थिती संबद्ध ठरते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व तेच आहे. एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. साक्षीचे सारे बळ या साध्या गोष्टीत आहे, आणि त्यासाठी 'ठिकाण' अस्तित्वात असावे लागते.

आता माझ्या स्वतःच्या साक्षीकडे येतो, कारण दुसऱ्यांच्या स्मरणशक्तीवर बोट ठेवणाऱ्याने आधी आपली उलटतपासणी करावी.

३१ ऑक्टोबर १९८४. वडील शिक्षक. त्यांची बदली निसरपूरला झाली होती आणि आम्ही तेथे भाड्याच्या घरात राहत होतो. मी तीस वर्षे मुलांना, मित्रांना, एकदा तर व्याख्यानातही सांगत आलो की, इंदिराजींच्या हत्येची बातमी मी भर दुपारी शाळेत ऐकली. हेडमास्तर रेडिओ व्हरांड्यात घेऊन आले, आकाशवाणीचा तो गंभीर आवाज आला आणि आमचे गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ऊन कोणत्या पायरीवर होते तेही मी सांगत असे.

हे सारे अशक्य आहे. इंदिराजींवर सकाळी नऊनंतर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी केंद्रांनी, विशेषतः बीबीसीने, मृत्यूचे वृत्त दुपारीच दिले. आकाशवाणीने मात्र अधिकृत घोषणा केली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा दुपारचे ऊन आणि आकाशवाणीचा आवाज यांपैकी एक साक्षीदार खोटा आहे. हे लक्षात आल्यावर मी आईला विचारले. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "अरे, शाळा कुठली? दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, सुट्टी चालू होती. दिवेलागणीला तू ओट्यावर शेंगा सोलत बसला होतास. समोरच्यांचा रेडिओ सुरू होता. तुझे बाबा उठून त्यांच्याकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत."

शाळेचे, गुरुजींचे, उन्हाचे चित्र मी कोठून आणले? बहुधा दुसऱ्या कुणाच्या तोंडून. इतरांचा 'आम्ही होतो' ऐकता ऐकता माझा 'मी होतो' झाला. असे होणारा मी एकटा नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान कोसळले. दुसऱ्याच सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून 'बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात?' हे लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. सुमारे एक चतुर्थांश जणांची उत्तरे मुख्य तपशिलांत पूर्णपणे चुकली होती, तरी ती सांगताना त्यांचा आत्मविश्वास ढळला नव्हता. स्वतःच्या हस्ताक्षरातला पहिला कागद पुढे ठेवल्यावरही मूळ आठवण कुणालाच परत मिळाली नाही.

यावरून 'अशा आठवणी खोट्याच असतात' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अनुभव असा की, साक्षीदार वेळेत चुकतो, क्रमात चुकतो, शब्दांत चुकतो, पण जागेवर उभा केला की बराचसा सावरतो. म्हणूनच आपल्याकडे घटनास्थळाचा पंचनामा करतात. मोजमाप होते, नकाशा निघतो, दरवाजातून अंगण दिसते की नाही ते पाहिले जाते. आईचे आणि माझे दोन जबाब समोर ठेवून मीही हेच केले असते. निसरपूरला गेलो असतो, त्या ओट्यावर बसलो असतो, समोरच्या घरातला रेडिओ तेथून ऐकू येईल काय हे पडताळले असते.

तो पंचनामा आता होऊ शकत नाही. नर्मदेला मिळणाऱ्या उरी-बाघनीच्या काठचे जुने निसरपूर सरदार सरोवराच्या बुडितात गेले. गावाच्या नावाने पुनर्वसनाची वसाहत वेगळ्या जागी उभी आहे. नाव उरले आणि ओटा गेला.

आणि येथे भाषेची एक अडचण उभी राहते. निसरपूरच्या माणसाला 'इंदिराजी गेल्या त्या दिवशी कुठे होतात?' असे विचारता येते. 'गाव बुडाले त्या दिवशी कुठे होतात?' असे विचारले तर तो उलट विचारतो, 'कोणत्या दिवशी?' १९७९ चा नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा तो दिवस मानायचा, की १८ ऑक्टोबर २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल? ८ फेब्रुवारी २०१७ ला त्याच न्यायालयाने बुडितक्षेत्र रिकामे करण्यासाठी ३१ जुलै ही मुदत दिली, तो दिवस? त्या जुलैच्या अखेरीस, पलीकडच्या काठावर बडवानीच्या राजघाटावरील समाधी हलवण्यात आली. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थी तेथे १९६५ पासून होत्या. म्हणजे ३० जानेवारी १९४८ च्या दुःखाची या परिसरातली जागाही त्याच पाण्यासाठी उठवावी लागली. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचे लोकार्पण झाले. २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचले आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला केवडियात उत्सव झाला. २०२३ च्या सप्टेंबरात निसरपूर-चिखलदा भागात पाणी पुन्हा चढले आणि वाचलेली घरेही त्याने गाठली.

पाणी पायरीपायरीने चढते. गोळीला क्षण असतो, भूकंपाला क्षण असतो. बुडिताला क्षण नसतो. राष्ट्र दुखवटा जाहीर करते तो एका तारखेला. ज्या दुःखाला तारीख नाही त्याला दुखवटाही मिळत नाही, आणि 'तुम्ही कुठे होतात?' असे जवळिकीने विचारणारेही कुणी भेटत नाही.

तारखा कशा दुभंगतात, हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ हा बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाचा काळा दिवस. त्याच तारखेला आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि आमच्याकडे तो स्थापना दिवस म्हणून साजरा होतो. मी शाळेत त्या दिवशी मिळालेला पेढा खाल्ला आहे. बेळगावच्या माझ्या वयाच्या वाचकाने त्याच दिवशी काळी फीत बांधली असेल. १७ सप्टेंबर मराठवाड्यात मुक्तिदिन, केवडियात उत्सव, निसरपुरात चढते पाणी. तारीख एकच असते. अर्थ ठरतो तो तुम्ही कुठे होतात यावरून. म्हणून या प्रश्नातला 'कुठे' हा शब्द मला 'कधी'पेक्षा महत्त्वाचा वाटतो.

निसरपूरच्या लोकांना हा प्रश्न विचारला गेलाच नाही असे नाही. विचारला गेला, पण पहिल्या स्वरात. लवादाच्या निवाड्यानुसार विस्थापित कोण? तर भूसंपादनाच्या कलम ४ च्या अधिसूचनेपूर्वी किमान एक वर्ष तेथे राहणारा, जमीन कसणारा किंवा व्यवसाय करणारा. म्हणजे 'त्या दिवशी तुम्ही येथे होतात काय? सिद्ध करा.' आरोपी 'मी तेथे नव्हतो' हे सिद्ध करायला धडपडतो. येथे सामान्य माणसाला आयुष्यभर जेथे राहिला, तेथेच होतो हे सिद्ध करावे लागले. निवाड्याने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान मुलीचा तेथे उल्लेख नाही. वर मी म्हटले की 'मी होते' या रूपात स्त्री एकटी, स्वतंत्र उभी असते. व्याकरणाने तिला दिलेली ही जागा निवाड्याने दिली नाही.

हे जबाब ज्या भाषांत दिले गेले त्या निमाडी, भिली, गुजराती, क्वचित मराठी. आणि नोंदले गेले हिंदीत. त्यात कुणाचा दोष नाही, कामकाजाची भाषा ती आहे. पण 'आम्ही तर तिथेच होतो' या वाक्यातला 'तर' हिंदी नोंदीत सहसा उरत नाही. त्या 'तर'मध्ये तीन पिढ्यांचा आग्रह असतो.

तेव्हा काय करावे? धरणाविषयी पुन्हा वाद घालण्याचे हे स्थळ नाही. त्या वादाची जागा निकालपत्रांत आणि रस्त्यावर आहे. माझे म्हणणे त्याहून लहान आणि तातडीचे आहे. प्रत्येक घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाकडून दोन प्रश्नांची उत्तरे यंदाच लिहून घ्या. पहिला : देशावर आघात झाला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? १९४८, १९८४, भोपाळची डिसेंबरातली ती रात्र, किल्लारी, मुंबईचा २६ नोव्हेंबर २००८, जे त्यांचे असेल ते. दुसरा : आपले गाव, आपली पेठ, आपली शाळा गेली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? दुसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही तर त्यांच्या शब्दांत लिहा : 'पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले तेव्हा', 'शाळेची मराठी पाटी उतरवली तेव्हा'. भाषेने पानशेत आणि किल्लारीची नोंद अशीच ठेवली आहे.

लिहिताना वकिली शिस्त पाळावी. सांगणाऱ्याच्या बोलीत लिहावे, प्रमाण मराठीत सुधारू नये. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. शक्य असेल तेथे घरातल्या दुसऱ्या माणसाचा जबाब पहिल्याला न ऐकवता घ्यावा. दोघांत विसंगती निघाली तर दोन्ही ठेवाव्यात, त्यातील एक खोडू नये. घरातल्या स्त्रियांना स्वतंत्र विचारावे, 'आम्ही'च्या आड त्यांना ठेवू नये. आणि जागेचे वर्णन सर्वांत विस्ताराने घ्यावे : ओटा कोणत्या दिशेला होता, समोर कोण राहत होते, रेडिओ कोणाकडे होता. कारण तारीख वर्तमानपत्रांच्या फाइलींत सापडेल. ओटा कोठेही सापडणार नाही.

बेळगाव, कारवार, बिदर, बुऱ्हाणपूर, बडोदे, देवास येथल्या मराठी माणसाचे गाव पाण्याखाली गेलेले नसेल. पण राज्याची रेषा हलली, कचेरीची भाषा बदलली, रस्त्यांची नावे बदलली की 'कुठे' या शब्दाखालची जमीन थोडी थोडी सरकतेच. निसरपुरात ती एकदम दिसली, एवढाच फरक.

माझी नोंद मी करून ठेवली आहे. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार, दिवेलागण, निसरपूर, भाड्याच्या घराचा ओटा. शाळेचे जे मी तीस वर्षे सांगितले तेही खाली लिहून ठेवले आहे आणि ते का टिकत नाही हेही. आईने ती नोंद ऐकली आणि एकच दुरुस्ती सुचवली. समोरच्या घरातल्या आजी त्या रात्री जेवल्या नाहीत, हे मी लिहिले नव्हते. ते लिहिले.